पृथ्वीप्रदक्षिणा करून घरी

नववीच्या वर्गात मी एकदा मुंबईच्या तीन पारशी तरुणांची हकीकत सांगत होतो. हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे १९२३ च्या ऑक्टोबरात सायकलीवर बसून मुंबईहून निघाले आणि पृथ्वीला वळसा घालून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. मुले रंगली होती. त्या भरात मी पुढे म्हणालो की, हे तिघे तरी एकमेकांच्या सोबतीला होते. त्यांच्या तीस वर्षे आधी अमेरिकेतली एक बाई एकटीच निघाली होती, आणि तीही तीन लहान मुले घरी ठेवून. त्यावर मागल्या बाकावरच्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, ती परत आली तेव्हा तिच्या पोरांनी तिला ओळखलं का?"

मी कादंबऱ्या लिहितो असे लोक म्हणतात. तो प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. मी मैल सांगत होतो, जहाजांची नावे सांगत होतो. घराचे दार माझ्या कथेत कुठेच नव्हते. त्या मुलीची आई ऊसतोडीला जाई आणि सहा सहा महिने बाहेर असे, हे मला मागाहून कळले.

तर ही बाई म्हणजे अॅनी कोहेन कोपचोव्स्की. जन्म लाटव्हियातल्या ज्यू घराण्यात, १८७० च्या सुमाराचा. लहानपणीच आईबापांबरोबर ती बॉस्टनला आली. १८८७ साली दोनतीन महिन्यांच्या अंतराने आई आणि वडील दोघेही गेले, आणि धाकट्या भावंडांचा भार सतरा वर्षांच्या पोरीवर पडला. पुढच्याच वर्षी लग्न. नवरा मॅक्स फेरीवाला, पोथीत रमणारा, पापभीरू माणूस. सहा वर्षांत तीन मुले. शिवाय ही बाई बॉस्टनच्या वर्तमानपत्रांसाठी जाहिराती मिळवीत हिंडे. म्हणजे चूल, पाळणा आणि चार पैशांची वणवण. आपल्याकडच्या चाळीत अशा बायका दर मजल्यावर सापडतील.

याच बॉस्टनमध्ये १८८७ साली पंडिता रमाबाईंच्या साहाय्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या पैशावर १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले. हिंदुस्थानातल्या विधवांसाठी हळहळणारे ते शहर आपल्याच गल्लीतल्या फेरीवाल्याच्या बायकोकडे कशाला बघणार? तिने स्वतःच बघायला लावले.

१८९४ च्या जूनअखेर ही बाई बॉस्टनच्या विधानभवनासमोर जमलेल्या घोळक्यातून सायकलीवर निघाली. पैज अशी सांगितली गेली की, स्त्रीने पंधरा महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करावी, वाटेत पाच हजार डॉलर स्वतः मिळवावेत, आणि निघताना हाती दिडकी नसावी. दोन श्रीमंत गृहस्थांनी ही पैज लावली म्हणे. मला तर त्या गृहस्थांच्या अस्तित्वाचाच संशय येतो. बहुधा ते बाईच्याच डोक्यातून जन्मले असावेत. न्यू हॅम्पशरच्या लंडनडेरी नावाच्या झऱ्याचे पाणी विकणाऱ्या कंपनीने शंभर डॉलर देऊन आपली पाटी तिच्या सायकलीला लावली आणि आपले नावही तिला चिकटवले. म्हणून ती 'मिस लंडनडेरी'. कुमारी! नवरा आणि मुले त्या एका शब्दात झाकली गेली.

गंमत म्हणजे निघण्यापूर्वी तिने जेमतेम दोनतीन वेळा सायकलीवर बसून पाहिले होते. सायकल बेचाळीस पौंडांची, अंगावर लांब घोळाचा झगा. शिकागोला पोचेपर्यंत सप्टेंबर उजाडला. थंडी तोंडावर आली, पुढची मैदाने ओलांडणे अशक्य झाले, आणि बाई हातपाय गाळून बसली. येथेच ती घरी परतली असती तर कोणी दोष दिला नसता. पण तिने जड सायकल टाकून एकवीस पौंडांची पुरुषी सायकल घेतली, झगा टाकून सैल विजार चढवली आणि तोंड उलटे पूर्वेकडे फिरवले. नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून जहाज, फ्रान्स, पॅरिसहून मार्सेय, तेही एक पाय जायबंदी असताना. तेथून पुन्हा जहाज: अलेक्झांड्रिया, कोलंबो, सिंगापूर, सायगाव, हाँगकाँग, शांघाय, जपान. २३ मार्च १८९५ ला ती सॅन फ्रान्सिस्कोला उतरली.

येथे इतिहासाच्या मास्तराने बोटे मोजायला हवीत. मार्सेयहून ती निघाली जानेवारीच्या उत्तरार्धात आणि योकोहामा सोडले ९ मार्चला. म्हणजे पुरते दोन महिनेही नाहीत, आणि त्यांतले बहुतेक दिवस समुद्रावर. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर ती सांगू लागली की, हिंदुस्थानात जर्मन राजघराण्यातल्या लोकांबरोबर आपण वाघांची शिकार केली, चीन-जपानच्या युद्धात खांद्याला गोळी लागली, जपानी तुरुंगात पडलो. वाघ तिच्या वाटेवर आला असलाच तर कोलंबोच्या धक्क्यावर कातडे विकणाऱ्याच्या खांद्यावरून आला असेल. एका गावी ती अनाथ वारसदार, दुसऱ्या गावी हार्वर्डची वैद्यकीची विद्यार्थिनी, तिसरीकडे वकील. व्याख्याने देई, पडद्यावर चित्रे दाखवी, आपली छायाचित्रे विकी, अंगावर जाहिरातीच्या फिती लावून मिरवी.

थॉमस स्टीव्हन्सने तिच्या आधी, १८८४ ते १८८६ या काळात, उंच चाकाच्या सायकलीवर पृथ्वी पालथी घातली होती. तो लाहोरहून कलकत्त्यापर्यंत खरोखरच आपल्या धुळीतून गेला. त्याच्याशी तुलना केली तर अॅनीची प्रदक्षिणा बरीचशी आगबोटीचीच. हे मान्य करूनही मला या बाईला लबाड म्हणवत नाही. रिकाम्या हातांनी निघालेल्या बाईजवळ विकायला गोष्टीखेरीज काय असणार? आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातली वाळवंटे काही कल्पित नव्हती. कधी सायकल, कधी आगगाडी असे करीत ती लॉस एंजलिस, ॲरिझोना, एल पासो, डेन्व्हर अशी हिंडली. आयोव्हात डुकरांच्या कळपावर आदळून मनगट मोडले. १२ सप्टेंबर १८९५ रोजी मोडक्या हाताने ती शिकागोला पोचली, वर्तुळ पुरे झाले, आणि मग बॉस्टनला घरी.

परत येणाऱ्या बाईचे चित्र म्हटले की आपल्या मनात आनंदीबाई जोशी येतात. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या त्या क्षयाने खंगलेल्या, आणि फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. तेथे घराला रडण्यापलीकडे काही करणे उरले नाही. अॅनी मात्र धडधाकट आली, आणि धडधाकट परतणे हे अधिक अवघड प्रकरण आहे. भावाचे कुटुंब त्याच बिऱ्हाडात होते, त्यामुळे मुले उघडी पडली नव्हती. पण जिला पंधरा महिने गावोगावचे बातमीदार रेल्वेच्या फलाटावर भेटायला येत, तिला पुन्हा चुलीपुढे बसायचे होते. महिनाभरात 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रात तिचा प्रवासवृत्तांत छापून आला, वाघांसकट. कुटुंब न्यूयॉर्कला हलले. लेखणीचा तो संसार थोडेच महिने टिकला. १८९७ साली चौथे अपत्य, मुलगी, झाले. पुढे ती कपड्यांच्या धंद्यात शिरली आणि १९४७ साली वारली. तिच्या भावाच्या पणतवाने २००७ साली पुस्तक लिहिले तेव्हा कुठे तिचा प्रवास पुन्हा उजेडात आला.

थोरल्या मुलींना तिने शिक्षणासाठी दूर, कॅथलिक जोगिणींच्या शाळेत ठेवले होते. त्यांतली सर्वांत मोठी पुढे स्वतःच कॅथलिक होऊन जोगीण झाली. ज्यू घराला ते सोसले नाही. जिवंत मुलीसाठी सुतक धरले गेले. जी आई घर सोडून जाऊन परत आली होती, तिला ही परत न येणारी मुलगी पाहावी लागली.

हे सारे मी वर्गात सांगितले, जोगिणीपर्यंत. ती मुलगी ऐकत होती. दिवाळीची सुट्टी दोन दिवसांवर आली होती. तास संपल्यावर ती टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, माझी आई चैत्रात आली तेव्हा धाकटा तिच्याजवळ जाईना. मग तिनं त्याला काही न बोलता भाकरी वाढली." एवढे बोलून ती दप्तर उचलून गेली. अॅनीच्या घरी त्या रात्री कोणी कोणाला वाढले असेल, याचा विचार करीत मी हजेरीपट मिटला.