नावं झाकली, तरी यादी तीच

आजचा विषय तसा पडद्यामागचा आहे. ओपन सोर्सच्या कॉन्फरन्समध्ये स्टेजवर कोण बोलणार, हे ठरतं कसं? आपण शेड्यूल बघतो, आवडीच्या सेशनवर खूण करतो आणि जातो. पण त्या शेड्यूलमागे भांडणं झालेली असतात, एक अख्खी कॉन्फरन्स त्यात बुडालेली आहे.

नोव्हेंबर २०१२. रुबीवाल्यांची ब्रिटरुबी ही कॉन्फरन्स पुढच्या वर्षी मँचेस्टरला व्हायची होती. वक्ते जाहीर झाले आणि कुणीतरी ट्विटरवर दाखवून दिलं, की यादीत सगळे गोरे पुरुष आहेत. झालं, पेटलं. आयोजकांचं म्हणणं होतं की आम्ही रंग किंवा लिंग बघून नाही, विषय बघून माणसं घेतली. पण वादामुळे स्पॉन्सर राहतील की नाही याची खात्री उरली नाही, आणि त्यांनी कॉन्फरन्सच रद्द केली. मला ते खोटं बोलत होते असं वाटत नाही. ओळखीतली चांगली माणसं बोलवायची म्हटली की डोक्यात जी नावं येतात, तीच त्यांच्याही डोक्यात आली.

मग यावर आपला इंजिनिअरी उपाय काय? नाव लपवा! प्रस्ताव मागवा, वरचं नाव काढून टाका, नुसता मजकूर वाचून मार्क द्या. त्याच वर्षी बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयूने हे केलं आणि त्यांच्या वक्त्यांत २५ टक्के स्त्रिया आल्या. ही गोष्ट सांगताना लोक बहुतेक वेळा इथेच थांबतात. पण आयोजकांनी त्याआधी अजून एक काम केलं होतं. बऱ्याच जणींना स्वतःहून लिहिलं, की तुम्ही प्रस्ताव पाठवा. निवड होईलच असं आश्वासन नाही, कारण नावं झाकलेलीच असणार. फक्त पाठवा. म्हणजे चाळणी तीच होती, वरून पडणारं धान्य बदललं होतं.

हे पटत नसेल तर २०१७ मध्ये या. गिटहबची इलेक्ट्रॉनकॉन्फ. तिथेही नावं झाकून निवड झाली, आणि झाकण काढल्यावर दिसलं, की निवडलेले सगळे पुरुष! त्यांनी कॉन्फरन्स पुढे ढकलली. लोकांनी दोन्ही बाजूंनी धुतलं. एक गट म्हणे, गुणवत्तेवर निवडलंय तर घ्या ना. दुसरा म्हणे, बघा, नाव झाकून काही होत नाही. माझ्या मते दोघांचाही नेम चुकला. नाव झाकल्याने परीक्षकाचा पूर्वग्रह कमी होतो, पण ज्यांनी प्रस्तावच पाठवला नाही त्यांचं काय झाकणार?

पायकॉनचं उदाहरण मला म्हणूनच सगळ्यात आवडतं. पायकॉनमध्ये २०११ साली स्त्रियांनी दिलेली भाषणं होती १ टक्का. २०१२ मध्ये ७, २०१३ मध्ये १५, २०१४ मध्ये ३३ आणि २०१६ मध्ये ४०. हे आकडे जेसिका मकेलर यांनी मांडले होते. तिथल्या विविधतेच्या कामाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. निवड समिती स्वयंसेवकांची. एकेक प्रस्ताव वाचून मत द्यायचं, मग सारख्या विषयांचे गठ्ठे करून एकमेकांशी तुलना करायची. या टप्प्यांची नावंही मजेशीर होती, आधी 'किटनडोम', मग 'थंडरडोम'. पण आकडा हलला तो मुख्यतः या डोमांच्या बाहेर. एकेकीला व्यक्तिशः लिहिणं, लवकर आलेल्या प्रस्तावांवर सूचना देणं, पहिल्यांदा बोलणाऱ्यांना धीर देणं, असलं सगळं काम. आणि पैसा. पायकॉनमध्ये वक्त्यालाही तिकीट काढावं लागायचं, त्यामुळे आर्थिक मदतीची सोय नसती तर निवड होऊनही काहीजणी आल्याच नसत्या. पाच वर्षं लागली या सगळ्याला.

आता पॅनेल. भाषणाचा प्रस्ताव नाव काढून वाचता येतो. पॅनेलमध्ये माणसं हाच मजकूर असतो. "मेंटेनर थकतात तेव्हा" एवढ्या शीर्षकावर काय मार्क देणार? कोण बसणार ते कळायलाच हवं. म्हणजे आपण फिरून ब्रिटरुबीच्या जागी येतो, डोक्यात येईल ते नाव.

मी स्वतः एका छोट्या कॉन्फरन्ससाठी प्रस्ताव तपासले आहेत. एक पॅनेल आलं होतं, चौघेजण, विषय झकास. मी पूर्ण मार्क दिले. शेड्यूल छापून आल्यावर एकीने विचारलं, "अरे, हे चौघं एकाच ग्रुपमधले ना?" होतेच. त्या ग्रुपमध्ये मीही होतो.