दिवा उशिरा का लागतो

ऊस वाहणाऱ्या बैलगाडीला रबरी चाके आली आणि लोकांनी तिला डनलॉप गाडी म्हणायला सुरुवात केली. बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने १८८७ साली मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचे टायर केले. त्याचे नाव असे अकोले तालुक्यातल्या अगस्ती साखर कारखान्याच्या ऊसपट्ट्यापर्यंत पोहोचले. गाडीवानाने टायर दाबून आणि ट्रकच्या क्लीनरने टॉमी आपटून हवा ओळखली. आता इलेक्ट्रिक कारच्या स्क्रीनवर चारही चाकांतल्या हवेचे पाउंड दिसतात, त्यामुळे हवा कमी झाल्याचा दिवा लागलेला नाही म्हणजे हवा ठीक, असे मालक धरून चालतो. ही समजूत चुकीची आहे आणि तिचे मूळ हवेचा दाब मोजणाऱ्या या यंत्रणेच्या इतिहासात सापडते.

१९८६च्या पोर्शे ९५९मध्ये ही सोय श्रीमंती थाटाची होती. तिची सक्ती झाली ती अपघातांमुळे. फोर्ड एक्स्प्लोररच्या फायरस्टोन टायरांशी अमेरिकेत दोनशेहून अधिक मृत्यू जोडले गेले, २००० साली लाखो टायर परत मागवले गेले आणि त्याच वर्षी कायदा झाला. पुढे ठरलेल्या नियमाप्रमाणे हवा शिफारशीपेक्षा २५ टक्क्यांनी उतरली की दिवा लागलाच पाहिजे. म्हणजे ३६ पाउंडांच्या चाकात २७ उरेपर्यंत गप्प राहिलेला दिवाही त्या नियमात बसतो. हे माप जीव वाचवण्यासाठी ठरले, बॅटरीची रेंज वाचवण्यासाठी नव्हे. पेट्रोल गाडीत कमी हवेचा भुर्दंड ॲव्हरेजमध्ये मुरतो. बॅटरीने जड झालेल्या गाडीत तो राजूरहून घाटघरला जाऊन परतताना उरलेल्या टक्क्यांत दिसतो. आपल्याकडे २०२०च्या नियमाने ही यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर किट असलेल्या लहान गाड्यांना स्टेपनीची सक्ती उरली नाही. त्यामुळे चाकाच्या हवेकडे आणखी लक्ष हवे.

कोणी म्हणेल, दिवा राहू दे, आकडा तर समोर दिसतोच. दिसतो, पण तो स्थिर नसतो. तापमान १० अंशांनी वाढले की साधारण दीड पाउंड वाढतात, आणि अकोल्यात हिवाळ्याची पहाट व दुपार यांत त्याहून मोठा फरक पडतो. मुंबईहून कसारा, घोटी, बारीमार्गे भंडारदऱ्याला चढताना बाहेरचा हवेचा दाब घटतो, म्हणून हातातला गेज एखादा पाउंड जास्त दाखवतो. चाकातल्या सेन्सरचे गणित वेगळे असू शकते. तेव्हा पंक्चरवाला आणि स्क्रीन यांचे आकडे जुळले नाहीत तर लगेच कोणाला खोटे ठरवू नये. मग आकडा निरुपयोगी का? मुळीच नाही. एकच चाक इतर तिन्हींपेक्षा रोज थोडे उतरत असेल, तर ते कोणत्याही टॉमीच्या आवाजाआधी स्क्रीनवर कळते. सकाळी गाडी हलवण्यापूर्वीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर शिफारस केलेल्या आकड्याशी ताडून पाहा, कमी असेल तर दिव्याची वाट न पाहता हवा भरा, आणि घाट चढून तापलेल्या चाकातली वाढलेली हवा मात्र काढू नका.