मोटारीतील ध्वनियोजनेचे चल भाग : विद्युत्-जोडणी

मोटारगाडीत बसवलेल्या ध्वनियंत्रणेचा एखादा भाग, मग तो ॲम्प्लिफायर धारण करणारी चौकट असो, सबवूफरची पेटी असो की डिकीच्या तळावरचे झाकण असो, मोटरीच्या साहाय्याने उचलला, सरकवला किंवा फिरवला जात असेल, तर त्या मोटरीस गाडीच्या बॅटरीतून प्रवाह पुरवणारी, तिची दिशा पालटणारी आणि नेमक्या जागी तिला थांबवणारी जी व्यवस्था करावी लागते, तिचा विचार येथे केला आहे. या कामी १२ व्होल्टची, एकदिश प्रवाहावर चालणारी मोटर वापरतात. ती कधी पॉवर विंडोतून काढलेली असते, कधी वायपरची, तर कधी आतील स्क्रूच्या फिरण्याने दांडा पुढेमागे करणारा तयार ॲक्च्युएटर असतो. मोटरीची दोन टोके परस्परांत बदलली की ती उलट फिरते. वायपरच्या मोटरीचे एक टोक मात्र पुष्कळदा तिच्या कवचाशीच जोडलेले असल्यामुळे, कवच गाडीच्या पत्र्यापासून अलग केल्यावाचून तिची दिशा पालटता येत नाही.

ही विद्या जेथे रुजली, त्या सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत यंत्राची ओळख जुनी आहे. औंध संस्थानच्या हद्दीतील माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगरांची निर्मिती आरंभिली, तर साताऱ्यात सर धनजीशा कूपर यांनी इंजिनांचा कारखाना चालवला. परंतु प्रस्तुत विषयाचा खरा वारसा कारखान्यांपेक्षा गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांकडून आला, असे मानणे अधिक सयुक्तिक होईल. मूर्तीने मान वळवावी, राक्षसाने गदा उगारावी, याकरिता मोटरीच्या आसाला आडवा दांडा जोडून एकाच दिशेच्या फिरण्यातून पुढेमागे हालचाल साधण्याची युक्ती मंडळांच्या कार्यकर्त्यांस आणि गावोगावच्या वायरमन मंडळींस पाठ्यपुस्तकावाचून अवगत आहे. गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांवर मोठ्या आवाजाची टेप लावण्याची हौसही या मुलखात रुजलेली आहे, आणि ट्रॅक्टरची बॅटरीही बहुधा १२ व्होल्टचीच असल्याने पुढील विवेचन तिलाही लागू पडते. विसर्जन मिरवणुकीतील, येथे डॉल्बी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड यंत्रणेचा समावेश मात्र येथे होत नाही, कारण तिची वीज स्वतंत्र जनरेटरवरून येते आणि तिचे धोके वेगळ्या जातीचे आहेत.

जोडणीचे मूलतत्त्व असे की, आज्ञेचा प्रवाह आणि कार्याचा प्रवाह यांचे मार्ग भिन्न असावेत. रिले या विद्युत्-चुंबकी स्विचच्या गुंडाळीस सुमारे १५० मिलिअँपिअर पुरतात. उलट पॉवर विंडोची मोटर मध्येच अडली असता १५ ते २० अँपिअर ओढू शकते, आणि एवढा भार समोरच्या फळीवरील नाजूक बटणातून नेला तर ते बटण जळते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, आतल्या आत चिकटून बसते व मोटर थांबेनाशी होते. म्हणून पाच पायांचे दोन रिले घेण्याची पद्धत आहे. दोहोंचे ३० क्रमांकाचे पाय मोटरीच्या दोन टोकांस जोडतात, ८७ क्रमांकाचे पाय फ्यूजमधून बॅटरीच्या धन टोकाकडे नेतात, ८७ए क्रमांकाचे पाय बॉडी अर्थला देतात, आणि ८५ व ८६ या पायांमधील गुंडाळीस बटणाकडून आज्ञा मिळते. पहिला रिले ओढला गेला की भाग वर जातो, दुसरा ओढला गेला की खाली येतो. या रचनेचा सर्वांत मोठा गुण ती स्वस्थ असताना दिसतो. दोन्ही रिले सुटलेले असताना मोटरीची दोन्ही टोके अर्थवर एकत्र येतात. वेगात फिरणारी मोटर त्या क्षणी स्वतःच जनित्र बनते, तिने निर्माण केलेला प्रवाह तिच्याच वेटोळ्यांतून फिरून तिला रोधतो, आणि जड चौकट घरंगळत न जाता जागच्या जागी उभी राहते. चुकून दोन्ही बटणे एकदम दाबली गेली तरी दोन्ही टोकांवर धन दाब येऊन मोटर नुसती थांबते, शॉर्ट सर्किट होत नाही. रिलेच्या गुंडाळीचा प्रवाह तुटताना उसळणारा दाब शमवण्यासाठी तिच्या दोन पायांमध्ये १एन४००७ हा डायोड, पट्टीचे टोक धन बाजूस ठेवून, जोडावा. काही रुपये वाचवण्यासाठी तो गाळण्याची प्रवृत्ती सर्वथा त्याज्य आहे.

हालचाल सुरू करणे हे या विद्येतील सोपे अंग होय. ती थांबवणे हेच कौशल्याचे. ॲक्च्युएटरच्या पोटात दोन्ही टोकांचे स्विच बसवलेलेच असतात, पण काच उचलणाऱ्या मोटरीस मार्गाचा अंत ठाऊक नसतो. म्हणून चौकट वर पोचते तेथे एक आणि खाली टेकते तेथे दुसरा, असे लिमिट स्विच बसवून त्यांचा सदैव मिटलेला संपर्क त्या त्या दिशेच्या रिलेच्या गुंडाळीच्या मार्गात घालतात. चौकटीने पाते दाबले की आज्ञा खंडित होते, मात्र उलट दिशेची मुभा कायम राहते. दोन भाग एकामागून एक हलवायचे असतील, उदाहरणार्थ आधी झाकण उघडावे व मगच ॲम्प्लिफायर वर यावा अशी योजना असेल, तर झाकण पूर्ण उघडल्यावर मिटणाऱ्या दुसऱ्या संपर्कातूनच ॲम्प्लिफायरच्या रिलेला आज्ञा द्यावी. निव्वळ काही सेकंदांच्या अदमासावर हा क्रम सोपवू नये, कारण थंडीत, जुन्या बॅटरीवर किंवा वंगण आटल्यावर तेच अंतर कापण्यास मोटरीस अधिक वेळ लागतो. एकच झाकण दोन ॲक्च्युएटरांनी उचलताना दोघांचा वेग तंतोतंत सारखा राहत नाही आणि झाकण तिरपे होऊन अडकते, म्हणून दोघांस आडव्या लोखंडी पट्टीने बांधणे इष्ट. गाडी उभी असून हँडब्रेक ओढलेला असेल तरच आज्ञा पुढे जावी, असा बंदोबस्तही करावा. डिकीत डोकावणाऱ्या पोराच्या बोटांचा विचार कारागिराने केलाच पाहिजे.

तारेची जाडी हा पुष्कळदा हयगयीचा विषय ठरतो. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम असतो. जाऊन-येऊन १० मीटर तारेतून १० अँपिअर वाहू लागले की सुमारे १.७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात व मोटर कण्हू लागते. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर तूट ०.७ व्होल्टवर येते. बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत मुख्य फ्यूज असावा, आणि प्रत्येक मोटरीस स्वतंत्र. चौकटीबरोबर हलणाऱ्या तारा बारीक व पुष्कळ धाग्यांच्या असाव्यात, त्यांना सैल वळण द्यावे, आणि पत्र्यातून जाताना रबरी कडे घालावे. टेपकडून ॲम्प्लिफायर जागवण्यासाठी येणारी निळी-पांढरी तार अल्प प्रवाहाची असते. तिने रिले ओढावा, मोटर कदापि चालवू नये. मोटरीच्या ब्रशांतील ठिणग्यांची खरखर ध्वनीत उतरू नये म्हणून तिच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात, आणि ध्वनीच्या तारा गाडीच्या एका अंगाने, तर विजेच्या दुसऱ्या अंगाने नेतात.

कायद्याच्या दृष्टीने १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ ध्यानात घ्यावे. नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न ठरेल असा फेरफार करण्यास त्याने मज्जाव केला आहे. ध्वनियोजनेसाठी मागची आसने काढून टाकली तर आसनसंख्येचा प्रश्न उद्भवतो. याखेरीज २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे.

सांगलीत या जोडणीपुढे आणखी एक संकट असते. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. डिकीच्या तळाशी, सुट्या चाकाच्या खळग्यात रिले बसवणे सोयीचे वाटते, परंतु पाणी गाडीत शिरताच आधी तोच खळगा भरतो, आणि गाळाचा थर रिलेच्या संपर्कांवर बसला की वाळल्यानंतरही ते चिकटण्याची भीती राहते. म्हणून नदीकाठच्या गाड्यांत रिले व फ्यूजची पेटी आसनाच्या पाठीच्या वरच्या भागात, पाय खाली करून बसवावी, आणि बुडालेल्या गाडीस पुन्हा बॅटरी जोडण्यापूर्वी चल भागांचे सर्व रिले बदलून मगच मुख्य फ्यूज घालावा.