तारांची चाके आणि आलिशान मोटार : ह्यूस्टनमधील 'स्लॅब' परंपरेचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : तारांची चाके, कॅडिलॅक, ह्यूस्टन, स्लॅब, आफ्रिकी-अमेरिकी समाज, तंत्रज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोध आणि संशोधक यांच्याभोवती लिहिला जातो. एका वस्तूची जागा दुसरीने घेतली की पहिलीचा इतिहास संपला, असे मानले जाते. परंतु उत्पादकाने सोडून दिलेली वस्तू समाज पुन्हा स्वीकारतो, तेव्हा तिच्या इतिहासाचा दुसरा टप्पा सुरू होतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात जुन्या घडणीची तारांची चाके आधुनिक आलिशान मोटारींना बसवण्याची परंपरा हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या परंपरेची पार्श्वभूमी, तिचे सामाजिक स्वरूप आणि तिची किंमत यांचा विचार केला आहे.

तारांच्या चाकाची पार्श्वभूमी :
बैलगाडीच्या लाकडी चाकात तुंब्यावर आलेला भार आरे दाबाने पेलतात. म्हणून ते जाड असावे लागतात. बारीक तार दाब सहन करू शकत नाही, मात्र ताण उत्तम सहन करते. त्यामुळे सर्व तारा आधीच ताणून बसवल्या, तर हलके तरीही मजबूत चाक तयार होते. १८०८ मध्ये जॉर्ज केली यांनी ही कल्पना मांडली. १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली यांनी तुंब्याला स्पर्शरेषेत तारा बसवण्याची रचना केली आणि सायकलीचे चाक भक्कम झाले. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या मोटारीलाही तारांचीच चाके होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील रज-व्हिटवर्थ कंपनीने तुंब्यावरून झटपट काढता येणारे चाक तयार केले आणि शर्यतीच्या मोटारींत ते रूढ झाले. तथापि तारा जोडणे आणि त्यांचा ताण सारखा करणे हे वेळखाऊ काम होते. पत्रा दाबून केलेले पोलादी चाक स्वस्त पडू लागले. फोर्ड कंपनीने १९३६ च्या मोटारींना तारांऐवजी पोलादी चाके दिली. यानंतर तारांचे चाक ही गरज न राहता शोभेची व प्रतिष्ठेची वस्तू बनली.

कॅडिलॅक आणि ह्यूस्टन :
१९८३ आणि १९८४ च्या कॅडिलॅक एल्डोराडो मोटारींमुळे क्रॅगार कंपनीची तीस तारांची चाके प्रसिद्धीस आली. त्यांचा तुंबा बाहेर आलेला असे. कारखान्याच्या दृष्टीने ही केवळ एक जोड-वस्तू होती आणि तिचे उत्पादन लवकरच थांबले. ह्यूस्टनमधील आफ्रिकी-अमेरिकी वस्त्यांत मात्र ती 'एटीथ्री' व 'एटीफोर' या नावांनी मानाची खूण ठरली. कोपराप्रमाणे बाहेर येणाऱ्या या चाकांना 'एल्बो' असेही म्हटले जाते.

अशी चाके, चकचकीत गडद रंग, मागे उभे बसवलेले पाचवे चाक आणि मोठ्या आवाजाचे ध्वनियंत्र असलेल्या मोटारीला 'स्लॅब' म्हणतात. ती वेगाने चालवायची नसते, तर लोकांनी पाहावी म्हणून संथपणे मिरवायची असते. शहराच्या दक्षिण भागाचा लाल आणि उत्तर भागाचा निळा रंग अशी विभागणीही रूढ झाली. डीजे स्क्रू (१९७१-२०००) यांनी गाण्यांचा वेग कमी करून तयार केलेल्या ध्वनिफिती या संथ फेरफटक्याशी एकरूप झाल्या.

आधुनिक मोटारीला जुने चाक :
जुने चाक नव्या मोटारीला बसवणे सोपे नाही. बोल्टांच्या छिद्रांमधील अंतर प्रत्येक मोटारीत सारखे नसते, त्यामुळे मध्ये जोडतबकडी घालावी लागते. नव्या मोटारींचे डिस्क ब्रेक मोठे असल्याने पंधरा इंची चाक त्यांवर मावत नाही. चाकाच्या कड्याला तारांसाठी पाडलेल्या छिद्रांतून हवा जाऊ नये म्हणून आत ट्यूब किंवा पक्के लेपन लागते. चाक जितके बाहेर येते, तितका धारव्यावरील भार वाढतो. २००० नंतरच्या दशकात टेक्सन वायर व्हील्स या कंपनीने या घडणीची चाके पुन्हा तयार केली, मोठ्या व्यासाचीही चाके आणली आणि तुंबा पूर्वीपेक्षा अधिक लांब केला. मूळ रचनेतील उणीव वाटावी असा भागच येथे सौंदर्याचे लक्षण ठरला.

प्रतिष्ठेची किंमत :
या परंपरेची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. सुरुवातीच्या काळात अशा मोटारींचा संबंध अमली पदार्थांच्या व्यापारातून आलेल्या पैशाशी जोडला गेला. उत्पादन थांबल्यामुळे मूळ चाके दुर्मिळ झाली, त्यांचे भाव वाढले आणि चाकांसाठी लुटालूट झाली, माणसांचे प्राणही गेले. त्यामुळे स्लॅब म्हणजे गुन्हेगारी असे समीकरण रूढ झाले. वस्तुतः नोकरदार व कारागीर वर्गातील अनेकांनी वर्षानुवर्षे पैसे साठवून अशा मोटारी घडवल्या. रंगारी, गादीकाम करणारे आणि चाके बसवणारे यांचे कौशल्यही त्यातून टिकले. लोकसंस्कृतीचे अभ्यासक लँग्स्टन कॉलिन विल्किन्स यांनी या परंपरेचा सांस्कृतिक वारसा म्हणून अभ्यास केला. २०१३ मध्ये शहरात स्लॅब मोटारींची मिरवणूकही निघाली.

निष्कर्ष :
१. तारांच्या चाकाचा प्रवास गरजेकडून शोभेकडे आणि शोभेकडून सामूहिक ओळखीकडे झाला आहे.
२. वस्तूचे मूल्य केवळ उत्पादक ठरवत नाही. कारखान्याने सोडलेल्या चाकाला मोल ह्यूस्टनच्या वस्त्यांनी दिले आणि त्या मागणीतूनच ते पुन्हा कारखान्यात आले.
३. ज्या समाजाला प्रतिष्ठेची इतर साधने सहज उपलब्ध नव्हती, त्याच्यासाठी मोटार हे सार्वजनिक रस्त्यावर स्वतःचे अस्तित्व सांगण्याचे माध्यम ठरले. म्हणून या परंपरेकडे केवळ उधळपट्टी किंवा केवळ गुन्हेगारी म्हणून पाहणे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे. त्याचबरोबर तिच्यापायी गेलेले बळी विसरून तिचा गौरव करणेही तितकेच अपुरे ठरेल.