दशमांश: दहावा भाग, पण कशाचा?

संशोधनाचा विषय ठरला की आपण त्यातला मुख्य शब्द पकडतो आणि पहिल्या प्रकरणात दोन ओळींत त्याची व्याख्या उरकून टाकतो. 'दशमांश' हा शब्द तर उरकायला फारच सोपा. ख्रिस्ती माणूस आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देतो, झालं. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मग इतिहासाकडे वळले, त्यामुळे मला ही व्याख्या अर्धवट वाटते. दहा टक्के म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: कशावर? बाजारात सूट देणारा दुकानदारही ते सांगतो. दशमांशाचा इतिहास वाचायला घेतला तर तो बराचसा या 'कशावर'च्या भांडणाचाच इतिहास आहे.

हा प्रश्न यवतमाळात बसून विचारायला बरा पडतो. एक तर जिल्हा कापसाचा, म्हणजे उत्पन्न कशाला म्हणायचं हेच इथे दरवर्षी नव्याने ठरतं. दुसरं म्हणजे इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून फ्री मेथॉडिस्ट मिशनचं काम आहे, आणि १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला हलेपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी याच गावात होती. देशभरातले होणारे पाळक तीस वर्षं यवतमाळात शिकले. 'फ्री मेथॉडिस्ट' मधल्या 'फ्री'चा एक अर्थ आपल्या विषयाचाच आहे. अमेरिकेत तेव्हा अनेक चर्चमध्ये बाकं भाड्याने दिली जात. पुढचं बाक पैसेवाल्याचं, गरीब मागे. १८६० मध्ये हा पंथ वेगळा झाला त्यामागे गुलामगिरीला विरोध होता, तसाच या बाकभाड्यालाही होता. पण बाकाचं भाडं बंद केल्यावर चर्च चालवायचं कशावर? लोक मनाने देतील त्यावर. म्हणजे यवतमाळला आलेलं मिशन देणगीच्या प्रश्नातूनच जन्मलेलं होतं.

आता मूळ ग्रंथाकडे. अब्राम मलकीसदेकाला दशमांश देतो तो लढाईतल्या लुटीतून. शेतीचा तिथे संबंध नाही. लेवीय पुस्तकात तो जमिनीच्या पिकाचा आणि झाडांच्या फळांचा आहे, शिवाय गुराढोरांचा. गुरांची पद्धत तर नमुना-निवड शिकणाऱ्यांनी मुद्दाम वाचावी. जनावरं एकामागून एक काठीखालून जातात आणि प्रत्येक दहावं देवाचं. ते चांगलं की वाईट हे बघायचं नाही, अदलाबदल करायची नाही. आपण ज्याला क्रमबद्ध नमुना म्हणतो तोच हा, आणि निवडीत माणसाचा हात येऊ नये याची काळजीही त्यात आहे. शब्दशः वाचलं तर काठीखालून नऊच जनावरं गेली की दहावं नाहीच. म्हणजे हे 'दहा टक्के' नाहीत. छोट्या कळपाला शून्य, एकोणीसच्या कळपाला एक.

गणना पुस्तकात हा दशमांश लेव्यांना मिळतो, कारण त्यांना वतनाची जमीन नाही. आणि मिळालेल्यातला दहावा भाग त्यांनी पुढे द्यायचा. अनुवादात मात्र वेगळंच चित्र आहे. तिथे देणारा स्वतः कुटुंबासह तो दशमांश देवापुढे बसून खातो. वाट लांबची असेल तर धान्य विकून पैसे न्यायचे. आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा: लेवी, परका, अनाथ, विधवा यांच्यासाठी. यहुदी परंपरेने हे तीन वेगवेगळे दशमांश मानले. आज प्रवचनात सगळ्यात जास्त ऐकू येतो तो मलाखीचा तिसरा अध्याय, भांडारात आणा म्हणणारा. तिसऱ्या वर्षाचा अनाथ-विधवांचा नियम त्या मानाने क्वचित. माझ्या मते ही निवडच एक ऐतिहासिक पुरावा आहे. ज्या संस्थेला भांडार चालवायचं असतं तिला मलाखी आठवतो.

नव्या करारात येशू परूश्यांना सुनावतो की पुदिना, शेप, जिरं यांचाही दशमांश मोजता आणि न्याय-दया सोडून देता. पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा टक्का सांगतच नाही. मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुर न करता द्या एवढंच. म्हणून नियमशास्त्रातला दहावा भाग ख्रिस्ती माणसाला बांधील आहे की नाही यावर मंडळ्यांमध्ये आजही एकमत नाही.

युरोपात मात्र तो बांधील झाला, तोही कायद्याने. ५८५ च्या माकाँ इथल्या धर्मसभेने सक्ती केली, ७७९ मध्ये शार्लमेनने राजाज्ञेची जोड दिली. पुढे हजारभर वर्षं तो करच होता. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीत तो गेला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोकड आली, तीही गहू, बार्ली आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर. (चल सरासरी! कोणी तरी आमच्यातलं होतं तिथे.)

या कराची खरी मेख ॲडम स्मिथने १७७६ मध्ये दाखवली. दशमांश एकूण पिकावर होता. बी, मजुरी, बैल यांचा खर्च वजा न करता. स्मिथ म्हणतो, सुपीक जमिनीत निम्मं पीक खर्चात जातं, निम्मं उरतं. तिथे दशमांश म्हणजे उरलेल्याचा पाचवा भाग. पण हलक्या जमिनीत पाचातले चार भाग खर्चात जातात, एकच उरतो. तिथे तोच दहावा भाग उरलेल्याचं निम्मं खाऊन टाकतो. दर दोघांना सारखाच, पण ओझं गरीब जमिनीवर अडीच पट.

हेच गणित आपल्याकडे आणू. आकडे मी धरलेले आहेत, कुणाच्या घरचे नाहीत. पाच एकर कोरडवाहू वावर, एकरी चार क्विंटल, म्हणजे वीस क्विंटल कापूस. भाव सात हजार धरला तर चुकारा १,४०,०००. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी मिळून खर्च एक लाख. हाती राहिले चाळीस हजार. चुकाऱ्यावर दशमांश काढला तर १४,०००, म्हणजे हाती राहिलेल्याचे ३५ टक्के. निव्वळावर काढला तर ४,०००. आता बोंडअळीचं वर्ष घ्या. बारा क्विंटल, ८४,००० रुपये. खर्च नव्वद हजार. एका पद्धतीने ८,४०० द्यायचे, दुसऱ्या पद्धतीने काहीच नाही, कारण सहा हजारांचा तोटा आहे. गावातल्या शिक्षकाला हा प्रश्न फार तर 'पगार हातात येतो तो की कपातीआधीचा' एवढाच पडतो. कास्तकाराला तो जगण्याचा पडतो. आणि पीककर्ज हे उत्पन्न का? नाही. मग माफ झालेलं कर्ज? पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार? याचं उत्तर कुठल्याही अध्यायात नाही. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा जिल्हे होते त्यात यवतमाळ होता, हे लक्षात ठेवून वरची बेरीज-वजाबाकी पुन्हा वाचा. 'आधी दे, मग आकाशाच्या खिडक्या उघडतील' हे वाक्य कर्जातल्या माणसाला हमी म्हणून सांगणं मला तरी धोक्याचं वाटतं. हमी आणि आशा यात फरक असतो.

मेथॉडिस्ट परंपरेत दुसरं सूत्रही आहे, ते टक्क्याचं नाही. जॉन वेस्ली ऑक्सफर्डला असताना वर्षाला तीस पौंड मिळवायचा, अठ्ठावीसमध्ये भागवायचा, दोन द्यायचा. मिळकत साठ झाली तरी खर्च अठ्ठावीसच, बत्तीस दान. नव्वद झाली तेव्हा बासष्ट. म्हणजे त्याने दानाचा दर ठरवला नाही, स्वतःची गरज ठरवली. गरिबाला या सूत्राने जवळजवळ काही द्यावं लागत नाही आणि श्रीमंताची पंचाईत होते. लोकप्रिय मात्र दहा टक्केच झाले. हिशेबाला सोपे ना.

मराठी मुलखात हा प्रश्न यवतमाळच्याही आधी नगर जिल्ह्यात उभा राहिला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईला आलं, १८३१ मध्ये अहमदनगरला. गंमत बघा, ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये या मिशनची पालक संस्था स्थापन झाली तिथे चर्चसाठीचा सक्तीचा कर १८३३ पर्यंत चालू होता. म्हणजे पहिले मिशनरी स्वेच्छादानाचा धडा घेऊन आले असं सरसकट म्हणता येत नाही. १८५४-५५ मध्ये संस्थेचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात येऊन गेले. स्थानिक मंडळीने आपला पाळक स्वतः पोसावा, आपला कारभार स्वतः करावा आणि प्रसारही स्वतःच करावा, हा त्यांचा आग्रह.

पाळक पोसायचा तर दशमांशाचं गणित मोहक आहे. दहा घरांनी दहावा भाग दिला की अकराव्या घराची मिळकत तयार होते, तीही त्या दहांच्या सरासरीएवढी. पण ती दहा घरं कुणाची होती? नगरकडच्या खेड्यांत ख्रिस्ती झालेले बहुतेक जण महार आणि मांग समाजांतले. बलुतेदारी व्यवस्थेत ते खळ्यावर वाटा मागायला उभे राहणारे. वर्षभर गावकीची कामं करायची आणि सुगीला पेंढ्या, धान्य घ्यायचं. हातात रोकड जवळजवळ नाही. त्यातून धर्म बदलला की गावाने बलुतं अडवण्याची भीती. अशा माणसाला आता सांगितलं जातं, तुझ्या वाट्यातला दहावा वाटा दे. यात दोन गोष्टी एकदम घडतात असं मी वाचते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडूनही घेतलं जातं, ही एक. पिढ्यान्‌पिढ्या घेणारा म्हणून ओळखला गेलेला माणूस पहिल्यांदा देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, ही दुसरी. यातली एकच निवडून प्रबंध लिहिला तर तो सोपा होईल, पण मग त्या माणसाचं अर्धंच चित्र हाती लागेल.

परक्या पैशाचं ओझं शिकलेल्यांनाही जाणवत होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. दोन वर्षांत ते गेले. पुढे १९७६ मध्ये परदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा कायदा आला आणि स्थानिक दानाचा प्रश्न तत्त्वापेक्षा व्यवहाराचा झाला.

आता तुम्हाला यावर काम करायचं असेल तर. मंडळीची जमाखर्चाची वही मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. वहीत अंश असतो, छेद नसतो. नावापुढे 'दशमांश' म्हणून पाचशे लिहिले असतील, पण ते पाच हजारांचे दहा टक्के की पंचवीस हजारांचे दोन, हे वही सांगत नाही. अनेकदा 'दशमांश' हा फक्त दानाच्या पाकिटाचा प्रकार असतो, मोजमाप नसतं. शिवाय उपकारस्तुतीच्या सणाला येणारं धान्य, कोंबडी, भोपळा लिलावात जातो आणि वहीत लिलावाची रक्कम उतरते. एखाद्याने हौसेने भोपळ्याचे चारशे रुपये दिले तर ते पिकवणाऱ्याचं दान की बोली लावणाऱ्याचं?

मुलाखतीतही 'तुम्ही दशमांश देता का?' असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतील, कारण विचारणाऱ्यासमोर नाही म्हणणं जड जातं. त्यापेक्षा मागच्या हंगामाबद्दल विचारा: कापूस किती निघाला, चुकारा कधी मिळाला, कृषी केंद्राची उधारी आधी फेडली की मंडळीचं आधी दिलं. क्रम विचारला की लोक बोलतात, रक्कम विचारली की गप्प होतात. नावं तक्त्यात घेऊ नका. खेड्यात आडनाव आणि एकर एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

आणि रिकाम्या ओळी तपासा. वहीत एखाद्या घरापुढे सलग दोन वर्षं काहीच नसेल तर ते शून्य आहे की नोंद गळली आहे की ते कुटुंब वेचणी संपल्यावर पुण्या-मुंबईकडे कामाला गेलं आहे, हे तिन्ही वेगळं आहे. संगणकावर भरताना तिथे '०' टाकायचा मोह होतो. माझ्या तक्त्यात अशा ओळींसाठी वेगळा रकाना आहे, आणि त्यात त्या वर्षीचा पाऊस आणि कापसाचा भाव लिहायला जागा ठेवली आहे.