आंग्र्यांच्या घरची पत्रे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, भरतकाम, आरोग्य या विषयांवर लिहिणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली. परंतु वाचनाची आवड असल्यामुळे यंदा इतिहासावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. विषय आहे मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या पत्रांचा. आपला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. समुद्र येथून फार दूर. तरी या पत्रांत जे आहे ते आपल्या घरांना फार जवळचे आहे, असे मला वाटते.

शिवाजी महाराजांनी उभारलेले आरमार पुढे कान्होजींनी वाढविले. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे बळकट जलदुर्ग त्यांच्या ताब्यात होते. कोकणच्या किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा असा त्यांचा नियम होता. मुंबईच्या इंग्रजांना तो रुचला नाही. १७१७ ते १७२१ या काळात त्यांनी विजयदुर्ग, खांदेरी व कुलाबा यांवर हल्ले केले. शेवटच्या हल्ल्यात पोर्तुगीजही त्यांच्या मदतीला होते. पण एकही किल्ला हाती लागला नाही. मग इंग्रज कान्होजींना समुद्रावरचा लुटारू म्हणत राहिले, आणि त्यांच्या पुस्तकांतून पुढे दोनशे वर्षे तेच छापले गेले.

लढाई म्हटली की त्यात निरपराध माणसे भरडली जातात, हे मात्र लपवू नये. १७१२ मध्ये आंग्र्यांनी एक इंग्रजी जहाज पकडले. त्या चकमकीत कारवारच्या वखारीचा प्रमुख ठार झाला आणि त्याची तरुण पत्नी कैद होऊन कुलाब्यास आली. तीस हजार रुपये दंड भरल्यावर १७१३ मध्ये तिची सुटका झाली. ती शत्रूची होती खरी, पण एक स्त्री म्हणून तिची कथा वाचताना माझे मन हळहळले.

कान्होजींची बाजू आपल्याला कळते ती त्यांच्या पत्रावरून. १७२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर फिप्स याने त्यांना पत्र लिहून लुटारूपणाचा ठपका ठेवला. कान्होजींनी उत्तर पाठविले. दुसऱ्याचे ते आपले व्हावे ही हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही. जगाची रीतच अशी आहे की देव एकाचे काढून दुसऱ्याला देतो. शिवाजी महाराजांनी बादशहांशी झुंजून राज्य स्थापिले, तेच आमच्या सत्तेचे मूळ, असा त्याचा आशय आहे. गंमत अशी की हे उत्तर इंग्रजांच्याच दप्तरात जपून राहिले. ते तेव्हाच फाडून टाकले असते, तर आपल्याला एकच बाजू ऐकावी लागली असती.

हे झाले परक्याशी बोलणे. घरचे बोलणे वेगळ्या पत्रांत आहे. चिपळूणजवळ परशुराम क्षेत्री ब्रह्मेंद्रस्वामी राहत. शाहू महाराज, पेशवे, आंग्रे असे सारे थोर लोक त्यांना गुरुस्थानी मानीत. सिद्दीने १७२७ मध्ये परशुरामाच्या देवळाचा विध्वंस केल्यावर स्वामी साताऱ्याजवळ धावडशी येथे जाऊन राहिले. त्यांना आलेली पत्रे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी छापली. बाजीरावांसारखा शूर पेशवा कर्जाच्या तगाद्याने किती गांजला होता, हे या पत्रांत दिसते. कान्होजींची आणि त्यांच्या मुलांचीही पत्रे या संग्रहात आहेत. दरबारी कागदात माणूस पोशाख करून येतो. अशा पत्रांत तो घरच्यासारखा ओट्यावर येऊन बसतो.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. थोरले सेखोजी कर्ते होते, पण तेही १७३३ मध्ये गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत कलह लागला. मानाजींनी तर वडिलांच्या वैऱ्यांची, पोर्तुगीजांची, मदत घेतली. अखेर १७३५ मध्ये बाजीरावांनी वाटणी करून दिली : मानाजी कुलाब्यास, संभाजी विजयदुर्गास. समुद्र तोच, शत्रू तोच, पण चुली दोन झाल्या. पुढे विजयदुर्गास तुळाजी आले, त्यांचे पेशव्यांशी बिनसले, आणि पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, आंग्र्यांची जहाजे जळाली, आणि तुळाजी कैदेतच वारले. बापाच्या हयातीत जे इंग्रजांना जमले नाही, ते आपसातल्या वैराने घडवून आणले. धुऱ्यावरच्या एका हाताच्या जागेसाठी सख्खे भाऊ कोर्टात जाताना आपण पाहतो. त्या प्रत्येकाला हा विजयदुर्ग दाखवावासा वाटतो.

पारसनीस, राजवाडे यांसारख्या मंडळींनी घरोघर फिरून अशी दप्तरे मिळविली. राजवाड्यांचा पत्रांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यांच्या हाती लागण्यापूर्वी किती कागद पावसाने कुजले आणि वाळवीने खाल्ले, त्याला गणती नाही. जे वाचले त्यांनी मोठे काम केले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिले. पुढे नौदलातले मनोहर आवटी यांच्यासारखे अधिकारीच इतिहासाच्या मागे लागले, आणि त्यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत सागरी इतिहासाची संस्था उभी राहिली.

आता आपले पाहू. अजूनही कित्येक घरांत तारेला ओवलेली जुनी पोस्टकार्डे आहेत. सासऱ्यांनी धानाचा भाव कळविलेला, आत्याबाईंनी बाळंतपणाची खबर दिलेली, कुणी भावाची क्षमा मागितलेली. आता सारे फोनवर चालते आणि बोट लावताच पुसले जाते. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत ती तार रद्दीवाल्याकडे देऊ नका. प्रत्येक पत्र कोणी कोणास लिहिले हे वेगळ्या कागदावर टिपा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या पेटीत ठेवा, आणि ती पेटी कुठे आहे हे सुनेला, मुलीला सांगून ठेवा. एवढे काम आपल्या हातचे आहे.