चाल कोण बांधणार?

सध्या गटाच्या बैठकीत बचत आणि हप्ते झाले की बारावी झालेल्या पोरींच्या प्रवेशाचा विषय निघतोच. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला एक मेजर विषय असतो, म्हणजे मुख्य, आणि एक मायनर, म्हणजे जोडीचा. आमच्या एका ताईंच्या लेकीला मेजर अर्थशास्त्र आणि मायनर संगीत घ्यायचंय. नुसतं गायला नाही, तिला चाली बांधायला शिकायचंय. ताई म्हणाल्या, "गाणं ठीक आहे गं, हौसेला. पण चाली लावणं हे काय पोरींचं शिक्षण आहे?"

मी इतिहास घेऊन बी.ए. केलं, म्हणून माझे कान टवकारले. हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयातही होता. तिथे मुलींना गाणं शिकता येई, पियानो शिकता येई. पण संगीतरचनेच्या वर्गात, म्हणजे जिथे नवं संगीत लिहायला शिकवत तिथे, मुलींना प्रवेश नव्हता. दुसऱ्यानं लिहिलेलं बाईनं छान वाजवावं, स्वतः लिहू नये, असा तो हिशेब.

लुईझ फारांक नावाची मुलगी १८०४ साली पॅरिसमध्ये जन्मली. पंधराव्या वर्षी ती रचना शिकू लागली ती आंतोन रायखा या गुरूंकडे. रायखा त्याच विद्यालयात शिकवत. म्हणजे मास्तर तेच, पण मुलांना वर्गात आणि हिला खाजगी शिकवणी. शिकवणी परवडणाऱ्या घरातली नसती तर संपलंच होतं, हे मात्र विसरू नका. नवराही संगीतातलाच मिळाला, बासरी वाजवणारा आणि संगीताची पुस्तकं छापणारा. तिच्या रचना त्यानं छापल्या.

१८४२ साली त्याच विद्यालयानं लुईझबाईंना पियानोच्या प्राध्यापक म्हणून नेमलं. मुलींच्या वर्गासाठी, आणि बरोबरीच्या पुरुषांपेक्षा कमी पगारावर. शेतावर बाईची मजुरी वेगळी आणि गड्याची वेगळी, हे आपल्याला काही नवं नाही. ही तर प्राध्यापक होती! आठ वर्षं तिनं त्याच पगारावर काढली. मग १८५० साली नऊ वाद्यांसाठी लिहिलेली तिची एक रचना लोकांसमोर वाजली. त्या नऊ जणांत योआखिम हा पुढे फार गाजलेला तरुण व्हायोलिनवादक होता. रचना लोकांना खूप आवडली. ती संधी साधून बाईंनी बरोबरीचा पगार मागितला, आणि तो मिळवला. मला या गोष्टीत ती वेळ साधणं फार आवडतं. तीस वर्षं बाईंनी तिथे शिकवलं. तीन सिंफनी लिहिल्या, म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठी मोठ्या रचना. पण शिकवायला त्यांच्याकडे पियानोच राहिला.

इंग्लंडमध्ये तर अजून गंमत. एलिझाबेथ स्टर्लिंग ही चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई. १८५६ साली तिनं ऑक्सफर्ड विद्यापीठात संगीताच्या पदवीसाठी आपली रचना पाठवली. रचना पसंत पडली. पदवी दिली नाही, कारण बाईला पदवी देण्याची सोयच नव्हती! ऑक्सफर्डनं बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली ती १९२० साली. तोवर एलिझाबेथबाईंना जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

आता आपल्याकडे या. जात्यावर बसून ओव्या रचल्या त्या कोणी? आपल्या आज्यांनीच ना? पुण्यातल्या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. म्हणजे बाईला रचता येतं का, हा प्रश्नच नाही. तिच्या रचनेला शिक्षण म्हणायचं की नाही, एवढाच वाद आहे.

आणि जोडीचा विषय म्हणजे कमी दर्जाचा, असंही समजू नका. प्रभा अत्रे पुण्याच्या. आईच्या आजारपणात तिला बरं वाटावं म्हणून घरी गाण्याची शिकवणी लावली, आणि ती ऐकता ऐकता आठ वर्षांच्या प्रभाला गाण्याची ओढ लागली. पुढे कॉलेजात त्यांनी विज्ञान घेतलं, नंतर कायद्याची पदवी घेतली. गाणं सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिकल्या. आकाशवाणीवर नोकरी केली, सरगमवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली आणि एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांनी स्वतः बंदिशी बांधल्या, नवे राग तयार केले. मारू बिहागातली त्यांची 'जागू मैं सारी रैना' आज इतर गायकही गातात. २०२२ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

तर ताईंनो, अर्ज भरण्याआधी कॉलेजात जाऊन दोन-तीन गोष्टी विचारून या. मायनर संगीतात नुसतं गायन आहे की रचनाही शिकवतात? शिकवायला पूर्णवेळ शिक्षक आहे का? पेटी-तबला कॉलेजचा की घरून न्यायचा? आमच्या त्या ताई सोमवारी लेकीला घेऊन जाणार आहेत. मीही जाते आहे सोबत.